रंगपेटी आणण्याआधी

मनोविकारतज्ज्ञांकडची तपासणी संपत आलेली असते. गोळ्या लिहून झालेल्या असतात, पुढची तारीख ठरलेली असते. पेशंट दाराशी पोहोचतो तेव्हा डॉक्टर म्हणतात, "एखादा छंद लावून घ्या. चित्रं काढा, गाणी ऐका, मन रमेल." घरचे त्याच संध्याकाळी रंगपेटी आणि कोरी चित्रवही आणतात. ती टेबलावर तशीच पडून राहते. आठवडाभरानं कुणीतरी बोलतंच, "एवढी आणलीय, निदान हात तरी लाव." ज्याच्यासाठी आणली, त्याच्या मनात न जमलेल्या गोष्टींच्या यादीत आणखी एकीची भर पडते.

डॉक्टरांचा सल्ला चुकीचा नसतो, अर्धा असतो. गोळीच्या चिठ्ठीवर कोणती, किती मिलिग्रॅम, जेवणाआधी की नंतर, किती दिवस हे सगळं लिहिलेलं असतं. कलेच्या बाबतीत मात्र ‘काहीतरी करा’ एवढ्यावर भागवलं जातं. कला उपचाराच्या जोडीला घ्यायची असेल तर तिथेही कोणासाठी, कोणती, किती वेळ, कोणाच्या देखरेखीखाली आणि कधी थांबायचं हे ठरवावं लागतं. हा लेख त्या उरलेल्या अर्ध्या सल्ल्याबद्दल आहे. आपल्याकडच्या स्वमदत गटांमध्ये आजारी माणसाला ‘शुभार्थी’ आणि त्याची काळजी घेणाऱ्याला ‘शुभंकर’ म्हणतात. मी इथे तेच शब्द वापरणार आहे, कारण या लेखातलं बरंचसं काम शुभंकरांनाच करायचं आहे.

‘आर्ट थेरपी’ हा शब्द १९४२ साली एड्रियन हिल या इंग्रज चित्रकाराने रूढ केला. क्षयरोगामुळे १९३८मध्ये तो सॅनेटोरियममध्ये दाखल झाला होता. पडल्या पडल्या समोर दिसेल ते चित्रात उतरवायचं, असा क्रम त्याने ठेवला आणि पुढे तिथल्या इतर रुग्णांच्या हाती कागद-पेन्सिल दिली. पण सॅनेटोरियम सोडून चित्रं काढा, असं तो कुणाला सांगत नव्हता. क्षयाचे उपचार आपल्या जागी चालू होते, आणि महिनोन्‌महिने अंथरुणाला खिळलेल्या माणसाचं मन सांभाळायला चित्रकला होती. कामाची ही वाटणी आजही तशीच ठेवायची आहे.

कुठे उपयोग होतो, कुठे नाही

जागतिक आरोग्य संघटनेने २०१९मध्ये कला आणि आरोग्य यांच्या संबंधावर मोठा आढावा प्रसिद्ध केला. त्यात तीन हजारांहून अधिक अभ्यासांचा धांडोळा होता. एकूण सूर आशादायक होता. पण ‘कलेने फायदा होतो’ हे विधान ‘औषधाने फायदा होतो’ इतकंच ढोबळ आहे. कोणत्या औषधाने, कोणत्या आजारात, हे विचारलंच पाहिजे.

वैद्यकीय अभ्यासांचा एकत्रित धांडोळा घेणाऱ्या कॉक्रेन संस्थेच्या नैराश्याबद्दलच्या २०१७च्या आढाव्यात नेहमीच्या उपचारांना संगीत-उपचाराची जोड दिलेल्यांची तुलना फक्त नेहमीचे उपचार घेणाऱ्यांशी केली होती. जोड दिलेल्यांना, निदान नजीकच्या काळापुरता, जास्त आराम पडलेला दिसला. अभ्यास नऊच होते आणि माणसं चारशेच्या आसपास. म्हणजे दार उघडं आहे, पण ढोल वाजवण्याइतकं काही हाती नाही. शस्त्रक्रियेच्या वेळच्या संगीताबद्दल पुरावा याहून भक्कम आहे. २०१५मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात ७३ चाचण्यांचा एकत्रित आढावा आला होता. ऑपरेशनच्या आधी, दरम्यान किंवा नंतर संगीत ऐकलेल्या रुग्णांना वेदना आणि घालमेल कमी जाणवली, वेदनाशामकंही कमी लागली. घरात कुणाचं ऑपरेशन ठरलं असेल तर भूलतज्ज्ञांना आधीच विचारून ठेवा, "कानाला इअरफोन लावून गाणी ऐकली तर चालतील का?" यात खर्च जवळपास नाहीच.

आता दुसरी बाजू. ब्रिटनमध्ये स्किझोफ्रेनियाच्या ४१७ रुग्णांवर ‘मॅटिस’ नावाची मोठी चाचणी झाली. तिचे निष्कर्ष २०१२मध्ये आले. नेहमीच्या उपचारांसोबत वर्षभर दर आठवड्याला गटातला कला-उपचार देऊनही लक्षणांत किंवा रोजच्या व्यवहारात फरक पडला नाही. अनेकजण त्या वर्गांना फारसे आलेच नव्हते. स्किझोफ्रेनिया असलेल्या कुणी चित्रं काढूच नयेत, असा याचा अर्थ नाही. ज्याला आवडतं त्याने जरूर काढावीत. पण ‘याने आजार हटेल’ अशी आशा लावून कुणाला हाताला धरून चित्रवर्गात बसवू नये. मुलाच्या आजाराने आधीच खचलेल्या आई-वडिलांना असली खोटी आशा विकणारे लोक मला औषध दुकानातल्या भेसळीइतकेच धोकादायक वाटतात.

पक्षाघातानंतर: गाणं आणि बोलणं

डाव्या मेंदूत पक्षाघाताचा झटका येऊन वाचा गेलेल्या माणसाच्या घरी एक चमत्कारिक अनुभव येतो. ‘पाणी’ हा शब्द त्याच्या तोंडून निघत नाही, पण आरती सुरू झाली की तो सगळ्यांबरोबर अख्खी म्हणतो. पाढे येतात, वार येतात, आणि शिव्याही अस्खलित येतात. घरच्यांना वाटतं, वाचा परत आली. दुसऱ्या क्षणी ‘चहा हवाय का?’ या प्रश्नावर पुन्हा ओठ नुसतेच हलतात.

पाठ झालेलं बोलणं आणि नवं वाक्य जुळवणं या मेंदूच्या दोन वेगळ्या कामगिऱ्या आहेत. त्यामुळे नुसती आरती म्हणत राहून बोलणं सुधारत नाही. मात्र गाण्याचा हा शिल्लक राहिलेला मार्ग बोलण्यासाठी वापरता येतो. १९७३मध्ये बॉस्टनच्या अल्बर्ट, स्पार्क्स आणि हेल्म यांनी ‘मेलॉडिक इंटोनेशन थेरपी’ मांडली. रोजच्या उपयोगाचं छोटं वाक्य घ्यायचं, समजा ‘पाणी दे’. ते वरचा आणि खालचा अशा दोनच सुरांत सावकाश गायचं आणि प्रत्येक अक्षराला शुभार्थीच्या डाव्या हाताने टेबलावर थाप द्यायची. आधी नुसतं गुणगुणायचं, मग दोघांनी मिळून गायचं, मग उपचारकाने मधेच थांबून शुभार्थीला एकट्याला पुरं करू द्यायचं. नंतर सूर हळूहळू उतरवत वाक्य बोलण्याच्या लयीत आणायचं आणि शेवटी ‘तुम्हाला काय हवंय?’ असं विचारून तेच वाक्य उत्तर म्हणून काढून घ्यायचं.

ज्यांना समोरच्याचं बोलणं बऱ्यापैकी समजतं, पण स्वतःला बोलता येत नाही, त्यांच्यासाठी ही पद्धत आहे. ती स्पीच थेरपिस्टकडूनच शिकायची. घरच्यांचं काम सराव करून घेण्याचं आणि वाक्यं निवडण्याचं. वाक्यं घरातली हवीत. ज्या घरात ‘च्या टाक’ म्हणतात तिथे ‘कृपया मला चहा द्या’ घोकून घेण्यात काय हशील?

पक्षाघातानंतरच्या पहिल्या महिन्यांत नुसतं ऐकण्याचाही उपयोग होतो. हेलसिंकीच्या सार्कामो आणि सहकाऱ्यांच्या २००८च्या अभ्यासात काही रुग्णांनी आपल्या आवडीचं संगीत दोन महिने रोज निदान तासभर ऐकलं. ध्वनिपुस्तकं ऐकणाऱ्यांपेक्षा आणि काहीच न ऐकणाऱ्यांपेक्षा त्यांची शब्दांची स्मरणशक्ती आणि एकाग्रता अधिक सुधारली. इथे ‘आपल्या आवडीचं’ हा भाग महत्त्वाचा आहे. दादा कोंडक्यांच्या गाण्यांवर आयुष्यभर खूष असलेल्या काकांना आजारपणात एकदम ध्यानसंगीत लावून देऊ नका. ते बिचारे उठून बंदही करू शकत नाहीत.

कंपवात: ठेक्यावर पाऊल

कंपवातात, म्हणजे पार्किन्सन्समध्ये, चालण्याची आतली लय बिघडते. पावलं आखूड होतात, दारात किंवा वळणावर पाय जमिनीला चिकटल्यासारखे होतात. बाहेरून पक्का ठेका ऐकू आला की मेंदूला ती लय उसनी मिळते आणि पाऊल सुटतं. मायकेल थॉट यांच्या १९९६च्या अभ्यासात तीन आठवडे रोज अर्धा तास ठेक्यावर चालण्याचा सराव केलेल्यांचा चालण्याचा वेग सरासरी २५ टक्के आणि पावलाची लांबी १२ टक्के वाढली होती.

घरी हे करताना आधी शुभार्थी एका मिनिटात सहज किती पावलं टाकतो ते मोजा. मोबाइलवरच्या मेट्रोनोम किंवा तबल्याच्या अ‍ॅपमध्ये तेवढाच वेग लावा. तो अंगवळणी पडला की पाच टक्क्यांनी वाढवा, त्याहून घाई नको. तबल्याचं अ‍ॅप असेल तर केरवा निवडा. आठ सरळ मात्रांवर डावं-उजवं नीट बसतं. रूपकाच्या सात मात्रांनी धडधाकट माणसाचंही पाऊल चुकेल. भजनी ठेक्यावर वाढलेल्या माणसाला तर दिंडीतली पावली शिकवावी लागत नाही, टाळ वाजला की पाय आपसूक उचलले जातात. शुभंकराने शेजारी, किंचित मागे राहायचं. जमिनीवर सतरंजी किंवा पायपुसणं नको. गोळीचा असर पुरेपूर असतो ती वेळ सरावासाठी धरायची. आणि फिजिओथेरपिस्टना एकदा हे दाखवून घ्यायचं, कारण पडून खुब्याचं हाड मोडलं तर सगळाच हिशेब उलटा होतो.

नृत्य ही याची पुढची पायरी. न्यूयॉर्कच्या ब्रुकलिनमध्ये मार्क मॉरिस यांच्या नृत्यसमूहाने २००१मध्ये पार्किन्सन्सच्या रुग्णांसाठी वर्ग सुरू केले आणि ती कल्पना अनेक देशांत गेली. पुण्यात नर्तक हृषीकेश पवार यांनी पार्किन्सन्स मित्रमंडळाच्या शुभार्थींसोबत असंच काम केलं आहे. अशा वर्गाचा आणखी एक फायदा असतो. हाताच्या कंपामुळे लग्नकार्यात जायचं टाळणारा माणूस तिथे आपल्यासारख्याच दहा जणांत हात हलवत असतो, आणि त्याकडे कुणी वळून बघत नाही.

कोऱ्या कागदाची भीती

आता त्या टेबलावरच्या चित्रवहीकडे येऊ. २००५मध्ये करी आणि कॅसर या अमेरिकी संशोधकांनी विद्यार्थ्यांमध्ये आधी थोडी चिंता निर्माण केली आणि मग त्यांना रंगवायला बसवलं. काहींना मंडल (वर्तुळातली नक्षी) दिलं, काहींना चौकड्यांची नक्षी, काहींना कोरा कागद. मंडल आणि चौकडी रंगवणाऱ्यांची चिंता उतरली, कोऱ्या कागदवाल्यांची तितकी उतरली नाही. सगळ्याच अभ्यासांत असंच आढळलेलं नाही. पण घाबरलेल्या किंवा खचलेल्या माणसापुढे कोरी चित्रवही ठेवणं म्हणजे त्याला आणखी एक निर्णय घ्यायला लावणं आहे, एवढं तरी यातून समजतं.

म्हणून चौकट असलेल्या कामापासून सुरुवात करा. ठिपक्यांची रांगोळी यासाठी उत्तम आहे. ठिपके ठरलेले, रेघांचा क्रम ठरलेला, आणि पुसून टाकायची सोय. भरतकाम, विणकाम, जुन्या साड्यांची गोधडी, ओरिगामी, वारलीच्या त्रिकोणी आकृत्या हेही त्याच जातीचं काम. माध्यमांचा एक साधा नियम चित्र-उपचारक वापरतात: जितकं पाणी जास्त, तितका हातातला ताबा कमी. ज्याचं मन आधीच सैरभैर आहे त्याला पातळ जलरंग देऊ नका. कागदावर ओघळणारा रंग त्याला आणखी अस्वस्थ करू शकतो. पेन्सिल, तेलखडू, शाडूची माती, चित्रं कापून चिकटवणं यांत सामग्री हाताला थोडा विरोध करते आणि माणूस सावरतो. उलट जो सगळं घट्ट मुठीत धरून बसलाय, भावनेचा शब्द काढत नाही, त्याला उपचारक पुढे कधीतरी मुद्दाम ओले रंग देतील. ती वेळ ठरवणं त्यांच्यावर सोडा. माती बहुतेकांना चालते. गणपतीच्या आधी शाडू सहज मिळते, एरवी कणकेचा गोळाही चालेल.

एका बाबतीत माझं मत सर्वसाधारण सल्ल्याच्या उलट आहे. नैराश्यात असलेल्या माणसाला त्याच्या जुन्या कलेकडे ढकलू नये. "पूर्वी किती छान पेटी वाजवायचास, घे ना परत" हे प्रेमाने म्हटलेलं वाक्य असतं. पण बोटं जड झालेली, सूर ऐकूनही आत काही न हलणारं, आणि मागची उंची आठवतेय, अशा अवस्थेत पेटी उघडली की त्याला स्वतःची घसरणच मोजून दाखवली जाते. त्यापेक्षा ज्यात तो कधीच चांगला नव्हता असं काहीतरी द्यावं. गवयाला माती द्या, चित्रकाराला ढोलकी द्या. रोज ठरलेल्या वेळी दहा मिनिटं, आणि शुभंकराने शेजारी बसून स्वतःही तेच करायचं. ‘मूड आला की करीन’ यावर थांबू नका. नैराश्यात मूड आधी येत नाही, काही करता करता येतो, तोही थोडाथोडा.

मग त्या चित्राचं काय करायचं? "वा, किती सुंदर!" म्हणू नका. कौतुक झालं की पुढचं चित्र परीक्षा होऊन बसतं. "हे काय काढलंयस?" हेही नको. "याबद्दल काही सांगावंसं वाटतंय का?" एवढं विचारा आणि ‘नाही’ हे उत्तर स्वीकारा. चित्रावरून निदान तर मुळीच नको. काळा रंग वापरला म्हणजे नैराश्य, झाडाला मुळं नाहीत म्हणजे असुरक्षितता, असली कोष्टकं व्हॉट्सॲपवर फिरतात. कदाचित बाकीचे खडू तुटलेले असतील. आणि विचारल्याशिवाय ते चित्र नातेवाइकांच्या ग्रुपवर टाकायचं नाही, स्टेटसला तर नाहीच.

मुलांच्या बाबतीत हे दुप्पट लागू. अपघात, मृत्यू किंवा अत्याचार पाहिलेल्या मुलाला ‘जे झालं ते काढून दाखव’ असं घरच्यांनी किंवा शिक्षकांनी सांगू नये. दुसऱ्या महायुद्धात टेरेझिनच्या नाझी छळछावणीत फ्रीडल डिकर-ब्रांडाइस ही चित्रकर्ती मुलांचे वर्ग घेत असे. तिने त्यांना रेषेची लय, रंगांची जुळणी, समोरच्या वस्तूंचं चित्रण असे रीतसर धडे दिले. मुलांनी फुलं काढली, घरं काढली, डोंगर काढले, काहींनी छावणीही काढली. ऑक्टोबर १९४४मध्ये तिला ऑशविट्झला नेऊन मारण्यात आलं. मुलांची सुमारे साडेचार हजार चित्रं दोन सुटकेसमध्ये मागे राहिली. तिची विद्यार्थिनी ईडिथ क्रेमर पुढे अमेरिकेत कला-उपचाराची एक संस्थापक ठरली. भेदरलेल्या मुलाला आधी हाताला येईल असं काम द्या. दुःख त्यात यायचं असेल तर ते मुलाच्या वेळेने येईल.

लिहिणं, आणि ते लपवणं

लिहिण्याला काहीच लागत नाही, म्हणून ते सगळ्यांना सुचवलं जातं. १९८६मध्ये अमेरिकी मानसशास्त्रज्ञ जेम्स पेनेबेकर आणि सँड्रा बील यांनी विद्यार्थ्यांना सलग चार दिवस रोज पंधरा मिनिटं लिहायला लावलं. आयुष्यातल्या सगळ्यात क्लेशकारक घटनेबद्दल, तिच्या तपशिलांसह आणि भावनांसह लिहिणारे पुढच्या सहा महिन्यांत दवाखान्यात कमी वेळा गेले. मात्र लिहून झाल्यावर लगेच त्यांना जास्त उदास वाटत होतं. त्यानंतर शेकडो अभ्यास झाले आणि सरासरी परिणाम छोटाच निघाला. फुकट आणि सुरक्षित असेल तर छोटा परिणामही घ्यावा, असं मला वाटतं.

पद्धत अशी: चारच दिवस, वेळ लावून पंधरा-वीस मिनिटं. शुद्धलेखन बाजूला ठेवायचं. घरी मालवणी किंवा वऱ्हाडी बोलत असाल तर त्यातच लिहा, मनातल्या मनात तुम्ही ज्या भाषेत भांडता तीच इथे कामाची. घटना ताजी असेल, म्हणजे मृत्यू किंवा हल्ला होऊन काही दिवसच झाले असतील, तर हे करू नका. लिहिताना ‘हे आपल्याला झेपणार नाही’ असं वाटलं तर तिथेच थांबा आणि दुसऱ्या एखाद्या सोप्या गोष्टीवर लिहा. झोपायच्या आधी लिहू नका. लिहून झाल्यावर भाजी निवडणं, चक्कर मारणं असं काही हाती असू द्या.

खरी अडचण वेगळीच आहे. दोन खोल्यांच्या घरात, चार माणसांत डायरी कुठे ठेवायची? आपल्याकडे सुनेची, वयात आलेल्या मुलीची वही वाचणं हा कित्येक घरांत अपराधच मानला जात नाही. ‘कोणी वाचेल’ ही धास्ती असेपर्यंत खरं लिहिलं जात नाही. म्हणून सुट्या कागदावर लिहा आणि फाडून टाका. फायदा लिहिण्याचा आहे, जपून ठेवण्याचा नाही. जात्यावर ओव्या म्हणणाऱ्या बायकांनी हा प्रश्न आपल्या परीने सोडवला होता. पहाटेच्या अंधारात, घरघरीच्या आडोशाला सासरचा जाच गाऊन टाकायचा. हेमा राईरकर आणि गी प्वातवँ यांनी सुरू केलेल्या संग्रहात अशा लाखाहून जास्त ओव्या आहेत. त्यांना कुणी थेरपी म्हणू नये, त्या बायकांची सुटका त्यातून झाली नव्हती. पण बोलायला जागा लागते आणि ती सुरक्षित असावी लागते, हे त्यांना चांगलं ठाऊक होतं.

आजी-आजोबांची गाणी

स्मृतिभ्रंशात अलीकडचं आधी पुसलं जातं आणि साधारण दहा ते तीस या वयात ऐकलेलं बराच काळ टिकून राहतं. तेव्हा गाणी निवडताना आपली आवड नको, जन्मसालाचा हिशेब करा. आज ऐंशीच्या पुढे असलेल्या माणसाचं लहानपण आणि तारुण्य १९५५ ते १९७५च्या आसपासचं. पुणे आकाशवाणीवर १९५५-५६मध्ये वर्षभर गाजलेलं गीतरामायण, रेडिओवरची भावगीतं, कुणाची नाट्यपदं, कुणाची कोळीगीतं, कुणाच्या लावण्या. बहीण-भावांना फोन करून विचारा, त्यांना नेमकं ठाऊक असतं. आंघोळीला विरोध होत असेल तर आधी दहा मिनिटं, आणि संध्याकाळी बेचैनी वाढते त्याच्या थोडं आधी, ही गाणी लावा. टीव्ही बंद ठेवा. दिवसभर मागे वाजत राहिलेलं गाणं हा निव्वळ गोंगाट असतो. चेहरा पडला, डोळे भरून आले तर गाणं थांबवून हात धरून बसा आणि ते गाणं यादीतून काढा. शुभंकरांना स्वतःसाठी काही हवं असेल तर सुमित्रा भावे-सुनील सुकथनकर यांचा ‘अस्तु’ बघावा. त्यातले स्मृतिभ्रंश झालेले आप्पा साकारणारे डॉ. मोहन आगाशे स्वतः मनोविकारतज्ज्ञ आहेत.

इथेच रागांच्या कोष्टकाबद्दल. मधुमेहाला अमुक राग, रक्तदाबाला तमुक, अशा याद्या तुम्हालाही आल्या असतील. संथ लयीचं, ओळखीचं गाणं ऐकून नाडी शांत होते, ताण उतरतो, हे खरं. पण विशिष्ट राग विशिष्ट अवयवावर काम करतो, हे कुणी सिद्ध केलेलं नाही. राग ऐका, आनंदाने ऐका, साखर मात्र रक्त तपासूनच बघा.

उपचारक निवडताना

घरी करण्याजोगं वर सांगितलं. मानसिक आघात, खाण्याचे विकार, स्वतःला इजा करून घेणं, व्यसन अशा बाबतींत मात्र प्रशिक्षित माणूस हवा. ब्रिटनमध्ये आर्ट, म्युझिक आणि ड्रामा थेरपिस्ट ही पदनामं कायद्याने संरक्षित आहेत, नोंदणीशिवाय ती लावता येत नाहीत. आपल्याकडे २०२१च्या संलग्न आरोग्यसेवा व्यवसायांच्या कायद्यात अशा उपचारकांचा समावेश झाला असला तरी पाटी लावणाऱ्या प्रत्येकाची पारख अजून आपल्यालाच करावी लागते. मुंबईत टाटा समाजविज्ञान संस्थेने ‘कोलकाता संवेद’बरोबर नृत्य-उपचाराची पदविका चालवली आहे. पुण्यातल्या ‘वर्ल्ड सेंटर फॉर क्रिएटिव्ह लर्निंग’चा कलाधारित उपचाराचा अभ्यासक्रम आहे. दुसरीकडे दोन दिवसांच्या कार्यशाळेचं प्रमाणपत्र भिंतीवर लावणारेही आहेत.

तेव्हा न संकोचता विचारा. शिक्षण कुठे झालं आणि किती काळाचं? तुमच्या कामावर देखरेख कोणाची? आमच्या डॉक्टरांशी बोलाल का? काय साधायचंय आणि ते साधतंय का हे कधी तपासणार? चित्रं, रेकॉर्डिंग कुठे ठेवता? मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७नुसार उपचार घेणाऱ्याची माहिती गोपनीय ठेवायची असते, त्याच्या संमतीशिवाय फोटो माध्यमांत देता येत नाहीत. जो माणूस पहिल्याच भेटीत इन्स्टाग्रामसाठी व्हिडिओ काढतो, चित्र बघून आजाराचं नाव सांगतो, खात्री देतो किंवा गोळ्या बंद करायला सांगतो, त्याच्याकडे दुसऱ्यांदा जाऊ नका.

कधी थांबायचं

ज्यांच्या घरात कुणाला बायपोलर आजार आहे त्यांनी हे विशेष लक्षात ठेवावं. महिनोन्‌महिने गप्प असलेला माणूस अचानक रात्र रात्र चित्रं काढू लागला, एका आठवड्यात वही भरून कविता झाल्या, महागडे रंग मागवले गेले, तर आनंदाने पेढे वाटू नका. झोपेचे तास मोजा. झोप कमी होऊनही थकवा नसेल तर ती उन्मादाची सुरुवात असू शकते. डॉक्टरांना त्याच दिवशी फोन करा.

कल्पनेत बुडवणारे प्रयोग, डोळे मिटून दृश्यं पाहणं वगैरे, भास होणाऱ्या व्यक्तीबरोबर करू नयेत. रंगवताना किंवा गाताना कुणी एकदम सुन्न झालं, जुनी घटना आत्ता घडतेय असं वागू लागलं, तर साहित्य बाजूला घ्या, पाय जमिनीवर टेकवायला सांगा, नावाने हाक मारा, पाणी द्या. लिहिण्यात किंवा चित्रात मरणाची भाषा आली तर ‘कलेतलं आहे’ म्हणून सोडून देऊ नका. थेट विचारा, "तुझ्या मनात जीव द्यायचा विचार येतोय का?" विचारल्याने तो विचार मनात पेरला जात नाही. टेलिमानस या सरकारी हेल्पलाइनचा क्रमांक १४४१६ आहे. ती रात्रंदिवस चालू असते आणि तिथे मराठीतही बोलता येतं.

पुढच्या भेटीला जाताना एक पान भरून न्या. कोणती कला, किती मिनिटं, आठवड्यातून किती वेळा, त्या दिवसांची झोप कशी होती, करून झाल्यावर चिडचिड वाढली की उतरली, आणि कधी करायला नकार दिला. चित्रं न्यायची का हे शुभार्थीला विचारा, त्याने नाही म्हटलं तर घरीच राहू द्या. डॉक्टर पुन्हा ‘छंद चालू ठेवा’ एवढंच म्हणाले तर ते पान त्यांच्यापुढे सरकवा आणि विचारा, "यातलं काय वाढवू, काय थांबवू?" सहा ते आठ आठवड्यांत पानावर काहीच बदल दिसत नसेल तर कला बदला. गोळ्या मात्र डॉक्टर सांगतील तेव्हाच बदलायच्या.